पोटदुखी, संगणक आणि एक छापील कागद

गेल्या महिन्यात पंचविशीतला एक मुलगा पोट धरून दवाखान्यात आला. खुर्चीवर टेकायच्या आधीच त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. "डॉक्टर, एआय म्हणतंय अपेंडिक्स असणार. तुम्ही फक्त सोनोग्राफी लिहून द्या." सोबत त्याची आई होती. ती काही बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावर प्रश्न स्पष्ट दिसत होता: खरं का हो हे?

मी फोन बाजूला ठेवायला सांगितला आणि माझे नेहमीचे प्रश्न सुरू केले. दुखायला कधी लागलं? सुरुवात कुठे झाली, बेंबीपाशी, छातीच्या खाली की ओटीपोटात? आता कुठे दुखतंय? सतत दुखतं की कळा येऊन जातात? खोकलल्यावर, कूस बदलल्यावर वाढतं का? आधी दुखलं की आधी उलटी झाली? भूक आहे का? दहा-बारा प्रश्नांनंतर तो वैतागला. "एवढं विचारण्यापेक्षा मशीन परवडलं," असं काहीतरी पुटपुटला.

त्याचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. पण त्याच्या त्या वाक्याने मला एक जुनी गोष्ट आठवली, आणि ती तुम्हाला सांगितलीच पाहिजे असं वाटलं. पोटदुखीचं निदान करायला डॉक्टरांनी संगणकाची मदत पहिल्यांदा घेतली त्याला आता पन्नास वर्षं उलटून गेली आहेत. संगणक तेव्हा डॉक्टरांपेक्षा सरस ठरला होता. पण त्या प्रयोगातून खरं जे हाती लागलं, ते वेगळंच होतं.

आधी पोटदुखी एवढी अवघड का, ते समजून घेऊ. हात मोडला तर जिथे मोडला तिथे दुखतं. पोटाचं तसं नाही. आतल्या अवयवांच्या नसा मेंदूला नेमका पत्ता देत नाहीत, अंदाजाने गल्ली सांगतात. अपेंडिक्सला सूज येते तेव्हा सुरुवातीला दुखतं ते बेंबीच्या आसपास, कारण अपेंडिक्सच्या आणि बेंबीजवळच्या त्वचेच्या नसा मज्जारज्जूच्या एकाच भागात पोचतात आणि मेंदूची गफलत होते. काही तासांनी सूज पोटाच्या आतल्या अस्तरापर्यंत पोचली की मग दुखणं उजवीकडे खाली सरकतं. म्हणून डॉक्टर "आता कुठे दुखतंय" एवढ्यावर न थांबता "आधी कुठे दुखत होतं" हेही विचारतात. हे सरकणं कळलं तर निदानाचा अर्धा रस्ता पार होतो.

हे ज्ञान काही नवं नाही. रेजिनाल्ड फिट्झ या अमेरिकी डॉक्टरांनी १८८६ साली या आजाराला नाव दिलं. १८८९ साली चार्ल्स मॅकबर्नी यांनी नेमकं कुठे दाबल्यावर दुखतं ती जागा दाखवून दिली. झकॅरी कोप या इंग्लिश सर्जनचं अचानक उद्भवणाऱ्या पोटदुखीवरचं पुस्तक १९२१ साली आलं आणि सुधारित आवृत्त्यांच्या रूपाने ते आजही वाचलं जातं. म्हणजे काय विचारायचं, काय तपासायचं हे सगळं ठाऊक होतं. तरीही चुका होत होत्या, दोन्ही बाजूंनी. कुणाचं अपेंडिक्स ऑपरेशनच्या आधीच फुटत होतं, आणि कुणाचं पोट उघडल्यावर आत सगळं ठाकठीक निघत होतं. पहिल्या चुकीत जीव जाऊ शकतो. दुसरीत पोटावर विनाकारण व्रण राहतो, आणि भूल व ऑपरेशनचे धोके फुकट पत्करलेले असतात.

१९५९ साली 'सायन्स' या नियतकालिकात रॉबर्ट लेडली आणि ली लस्टेड यांचा एक लेख आला. लेडली मूळचे दंतवैद्य, पुढे भौतिकशास्त्र आणि गणिताकडे वळलेले, लस्टेड क्ष-किरणतज्ज्ञ. डॉक्टर निदान करताना डोक्यात जो विचार करतात तो तर्कशास्त्राच्या आणि संभाव्यतेच्या गणितात मांडता येतो, आणि मग त्या कामात संगणकाची मदत घेता येईल, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या काळी संगणक म्हणजे खोली भरून टाकणारं यंत्र. लेख गाजला, पण रुग्णाच्या खाटेपर्यंत ती कल्पना पोचायला दहा-बारा वर्षं जावी लागली.

ती पोचवली उत्तर इंग्लंडमधल्या लीड्स शहरात, तिथल्या विद्यापीठाच्या शस्त्रक्रिया विभागातले सर्जन टिमोथी डी डोंबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांनी कुठला दुर्मिळ आजार निवडला नाही. रोज रात्री कॅज्युअल्टीत येणारी साधी, अचानक सुरू झालेली पोटदुखी निवडली. शक्यताही मोजक्याच ठेवल्या: अपेंडिक्सची सूज, पित्ताशयाची सूज, स्वादुपिंडाची सूज, अल्सर फुटणं, आतड्यात अडथळा, मोठ्या आतड्याला आलेल्या फुग्यांचा आजार, आणि कारण न सापडता आपोआप बरी होणारी पोटदुखी. हे शेवटचं नाव वाचून तुम्ही हसाल, पण पोटदुखीच्या रुग्णांतला मोठा गट याच नावाखाली येतो. हा शेरा लिहिणं डॉक्टरला सगळ्यात जड जातं, आणि ऐकणं रुग्णाला.

आता संगणकाने काय करायचं? त्यामागचं गणित थॉमस बेझ नावाच्या इंग्लिश पाद्र्याचं. त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ साली छापला गेला. गणित म्हटल्यावर पुढचा परिच्छेद सोडू नका, बाजारहाटाच्या हिशेबापलीकडे त्यात काही नाही. (आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत.)

समजा पोटदुखीचे शंभर रुग्ण आले आणि त्यांपैकी पंचवीस जणांना अपेंडिक्स होतं. म्हणजे दारातून आत येणाऱ्या कुणालाही बघून, काही न विचारता, मी "अपेंडिक्स" म्हटलं तर चारात एकदा बरोबर ठरेन. आता मी विचारतो, दुखणं बेंबीपासून उजवीकडे खाली सरकलं का? समजा अपेंडिक्सच्या पंचवीस जणांपैकी बारा जण हो म्हणाले आणि बाकीच्या पंचाहत्तर जणांपैकी सहा. हो म्हणणारे एकूण अठरा, त्यांतले बारा अपेंडिक्सचे. एका प्रश्नाने शक्यता चारात एकवरून तिनात दोनवर गेली. मग दुसरा प्रश्न, तिसरा प्रश्न. प्रत्येक उत्तराने पारडं थोडं इकडे किंवा तिकडे झुकतं. अनुभवी डॉक्टरच्या डोक्यात हेच चाललेलं असतं, फक्त आकड्यांशिवाय. आणि रात्री तीन वाजता, विसावा रुग्ण तपासताना, ते डोकं शेवटी बघितलेल्या रुग्णाकडे झुकतं, याची कबुली कुठलाही प्रामाणिक डॉक्टर देईल.

पण संगणकाला हा हिशेब करायचा तर त्याला आकडे हवेत, आणि आकडे हवेत तर प्रत्येक रुग्णाला तेच प्रश्न, त्याच अर्थाने विचारलेले हवेत. घोडं अडलं ते इथे. आमच्या भाषेत काही शब्द असे आहेत की ते सगळे वापरतात पण प्रत्येकाचा अर्थ थोडा वेगळा. हात लावताच पोटाचे स्नायू आपोआप आखडणं वेगळं, पोट मुळातच पाटासारखं कडक असणं वेगळं, आणि रुग्णाने घाबरून पोट आत ओढून घेणं तर आणखी वेगळं. दाबलेला हात पटकन सोडल्यावर दुखलं तर ते एक महत्त्वाचं लक्षण, पण किती दुखलं म्हणजे "हो" लिहायचं? लीड्सच्या गटाने ५५२ रुग्णांच्या आधारे हेही मोजलं की तपासणारा माणूस बदलला की नोंदीत किती फरक पडतो आणि त्याने निदानाचं काय होतं. त्यांना प्रत्येक शब्दाची व्याख्या ठरवावी लागली आणि ती सगळ्यांनी पाळावी लागली.

त्यातून तयार झाला एक छापील कागद. वय, लिंग, दुखणं कुठे सुरू झालं, आता कुठे आहे, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, उलटी, भूक, शौच, लघवी, आधीची ऑपरेशनं, तपासणीत काय आढळलं. प्रत्येकापुढे ठरलेले पर्याय. डॉक्टरने रुग्ण तपासायचा, खुणा करायच्या, माहिती संगणकाला द्यायची, आणि रुग्ण अजून दाखल होत असतानाच संगणक सातही शक्यतांचे आकडे परत पाठवायचा. शेवटचा निर्णय डॉक्टरचाच. पुढे ऑपरेशनमध्ये किंवा घरी सोडताना खरा आजार काय ठरला ते बघून सगळ्यांचे गुण मांडायचे, डॉक्टरचेही आणि संगणकाचेही.

१९७२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पहिला निकाल आला. रुग्ण ३०४. संगणकाचं निदान ९१.८ टक्के वेळा बरोबर. त्या रुग्णाला तपासणाऱ्यांपैकी सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरचं ७९.६ टक्के वेळा. डी डोंबल आणि मंडळींनी निष्कर्ष मात्र बेताचाच काढला: अशी यंत्रणा वापरता येण्यासारखी आहे आणि थोड्या टक्के रुग्णांमध्ये तिचा प्रत्यक्ष उपयोग होईल. हल्ली यापेक्षा कितीतरी किरकोळ निकालावर लोक केवढा डांगोरा पिटतात!

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक गंमत करून पाहिली. संगणकाकडे जो साठा होता तो ६०० खऱ्या रुग्णांच्या नोंदींचा. त्याऐवजी सहा डॉक्टरांना विचारलं, तुमच्या अनुभवाने सांगा, अपेंडिक्समध्ये किती जणांना उलटी होते? पित्ताशयाच्या सुजेत किती जणांचं दुखणं पाठीत जातं? डॉक्टरांनी दिलेले अंदाज त्याच संगणकात भरले आणि ४७२ रुग्णांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. खऱ्या नोंदींवर चालणारा संगणक डॉक्टरांपेक्षा सरस. डॉक्टरांच्या अंदाजांवर चालणारा तोच संगणक मात्र कित्येकदा डॉक्टरांपेक्षाही वाईट, विशेषतः कमी आढळणाऱ्या आजारांत. म्हणजे आम्ही डॉक्टर रुग्ण बरे ओळखतो, पण "माझ्या अनुभवात असं असं असतं" हे जे ठामपणे सांगतो, त्यावर फार भरवसा ठेवू नये. हा निकाल मला स्वतःला आजही टोचतो.

आता मुख्य मुद्दा. १९७४ साली त्यांनी पुढचा अहवाल दिला. या वेळी लक्ष संगणकावर नव्हतं, त्याच्या सोबत काम करणाऱ्या डॉक्टरांवर होतं. प्रयोग चालू असताना डॉक्टरांचं स्वतःचं निदान सुधारत गेलं होतं. ऑपरेशनच्या आधीच फुटलेल्या अपेंडिक्सचं प्रमाण ३६ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आलं. पोट उघडलं आणि काहीच सापडलं नाही, असे प्रसंग झपाट्याने कमी झाले. ऑगस्ट १९७२मध्ये प्रयोग संपला. संगणक गेला, कागद गेला, गुण मांडणं थांबलं. आणि दोन्ही आकडे पुन्हा पूर्वपदाकडे सरकू लागले.

हे वाक्य पुन्हा वाचा. रुग्णालय तेच, पुस्तकं तीच. तीच माणसं चांगलं काम करू शकत होती, हे त्यांनी स्वतःच करून दाखवलं होतं. तरी आधार काढल्यावर घसरण झाली. अहवालातच त्यांनी सुचवलं की संगणकाच्या उत्तराइतकाच, कदाचित, डॉक्टरला दोन गोष्टींचा फायदा होत असावा: आपण किती बरोबर ठरलो हे सतत कळत राहणं, आणि संगणकाशी बोलायचं म्हणून लागणारी शिस्त. यंत्राला "थोडंसं दुखतंय" चालत नाही. त्यामुळे डॉक्टरला रुग्णाकडे परत जाऊन नीट विचारावं लागायचं.

याच काळात अटलांटिकपलीकडे, कॅलिफोर्नियात, डग्लस एंगलबार्ट नावाचे इंजिनिअर संगणकाकडे अशाच नजरेने बघत होते. माणसाच्या जागी यंत्र बसवण्यापेक्षा माणसांची, आणि माणसांच्या गटाची, अवघड प्रश्न सोडवण्याची ताकद यंत्राने वाढवावी, असा अहवाल त्यांनी १९६२ साली लिहिला होता. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी भरसभेत माउस वापरून दाखवला आणि दूर बसलेल्या सहकाऱ्यासोबत एकाच पडद्यावर काम करून दाखवलं. आज आपण माउस लक्षात ठेवलाय. त्यांचा मूळ मुद्दा असा होता की यंत्र नवं आणलं तर कामाची पद्धत, भाषा आणि सवयीही बरोबरीने बदलाव्या लागतात. लीड्सच्या कॅज्युअल्टीत नेमकं तेच घडलं होतं. तिथल्या डॉक्टरांची भाषा आणि सवय बदलली होती, तोवर आकडे सुधारले होते.

माझी एक गोष्ट सांगतो. अभिमानाची नाही. सर्जरीचा निवासी डॉक्टर होतो. रात्री अडीचचा सुमार, कॅज्युअल्टी तुडुंब. एकोणीस वर्षांची एक मुलगी वडिलांसोबत आली. मी केसपेपरवर लिहिलं, "पोटदुखी, उलटी दोनदा." पोट दाबून पाहिलं, मऊ वाटलं. पित्त असेल म्हणून इंजेक्शन दिलं, सकाळी ओपीडीत या म्हटलं आणि पुढच्या रुग्णाकडे वळलो. सकाळी तिला बरं वाटत होतं, त्यामुळे ती आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आणली तेव्हा ताप, पोट कडक, नाडी एकशे तीस. अपेंडिक्स फुटून पू पोटभर पसरला होता. ती वाचली, पण अकरा दिवस रुग्णालयात राहिली. आमच्या सरांनी माझा पहिला केसपेपर माझ्यापुढे ठेवला आणि एवढंच विचारलं, "दुखणं सुरू कुठे झालं होतं?" मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. विचारायचं असतं हे मला पाठ होतं, परीक्षेत त्यावर गुणही मिळवले होते. पण समोरचा कागद कोरा होता. त्याने मला काही विचारलं नाही.

म्हणून लीड्सचा तो कागद मला संगणकापेक्षा जवळचा वाटतो.

अर्थात एका रुग्णालयातला निकाल म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. ३६वरून ४ हा आकडा तर मला जरा जास्तच गोड वाटतो. १९८६ साली मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ केंद्रं, अडीचशेहून अधिक डॉक्टर, १६,७३७ रुग्ण. सुरुवातीला डॉक्टरांचं पहिलं निदान ४५.६ टक्के वेळा बरोबर होतं, म्हणजे निम्म्याहूनही कमी. ते ६५.३ टक्क्यांवर गेलं. अपेंडिक्सच्या रुग्णांत ते फुटण्याचं प्रमाण २३.७ टक्क्यांवरून ११.५वर आलं. विनाकारण पोट उघडण्याचं प्रमाण जवळपास निम्मं झालं. मृत्यू २२ टक्क्यांनी घटले. हे आकडे आधीपेक्षा कमी चमकदार, पण मला अधिक विश्वासार्ह वाटतात. त्यातही एक खोट आहे. आधीचा काळ आणि नंतरचा काळ अशी ती तुलना होती, चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट पाडलेले नव्हते. मधल्या काळात इतर काही सुधारलं असेल तर त्याचंही श्रेय या आकड्यांत मिसळलेलं असणार.

या पद्धतीचा एक प्रवास तर समुद्राखाली झाला. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्या महिनोन् महिने पाण्याखाली असतात आणि बहुधा त्यांच्यावर डॉक्टर नसतो, प्रशिक्षित वैद्यकीय सहायक असतो. एखाद्या खलाशाच्या पोटात दुखू लागलं तर पाणबुडी वर आणून त्याला हलवायचं की थांबून बघायचं, हा निर्णय त्या एकट्या माणसावर. नौदलाच्या प्रयोगशाळेने लीड्सची पद्धत अशा सहायकांसाठी जुळवून घेतली. सल्ला विचारायला शेजारी कुणी नाही अशा ठिकाणी, हजारो जुन्या रुग्णांचा अनुभव त्या सहायकाच्या हाताशी ठेवायचा, अशी ती कल्पना.

मग हे सगळं जगभर का पसरलं नाही? कारणं बरीच, काही अगदी साधी. कागद भरायला वेळ लागतो. यंत्रं महाग होती. ज्येष्ठ डॉक्टरांना यंत्राने गुण द्यावेत हे रुचत नव्हतं, हेही लपवण्यात अर्थ नाही. आणि मग सोनोग्राफी आली, सीटी स्कॅन आला. आत डोकावताच येतं म्हटल्यावर प्रश्न विचारण्याचा कंटाळा सगळ्यांनाच येऊ लागला, तुमच्या मुलाला आणि मलाही.

एक कारण मात्र आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. लीड्सच्या रुग्णांवरून तयार केलेले आकडे लीड्सच्या रुग्णांना उत्तम लागू पडतात. दुसऱ्या गावी नेले की त्यांची धार कमी होते. वर दिलेली सात आजारांची यादी पुन्हा बघा. त्यात आतड्याचा क्षयरोग नाही. टायफॉइडने आतड्याला पडणारं छिद्र नाही. यकृतात अमीबामुळे होणारा पू नाही. जंतांच्या गोळ्याने लहान मुलाचं आतडं अडणं नाही. आपल्याकडच्या सर्जनने हे सगळे आजार बघितलेले असतात. आपला रुग्ण त्या संगणकापुढे बसवला असता तर त्याने सातांतलंच कुठलं तरी नाव, पूर्ण आत्मविश्वासाने आणि दशांश चिन्हासह, सांगितलं असतं.

मोबाइलवरच्या उत्तराबद्दल माझा पहिला प्रश्न म्हणूनच हा असतो: हे कुणाच्या रुग्णांवरून शिकलंय? आणि दुसरा: तुम्ही त्याला काय सांगितलंत? "पोटाच्या उजव्या बाजूला दुखतंय" एवढंच लिहिलं तर उत्तरही तेवढ्याच मोलाचं मिळणार. एआय वापरूच नका, असं मी म्हणत नाही. वापरा. पण दुखणं कधी, कुठे सुरू झालं, कुठे सरकलं, कशाने वाढतं, ताप, उलटी, शौच, लघवी, पाळीची तारीख, चालू असलेली औषधं, हे आधी एका कागदावर लिहून काढा. तोच कागद डॉक्टरांपुढे ठेवा. दुखणं वाढत चाललं असेल, पोट कडक लागत असेल, ताप असेल, सारख्या उलट्या होत असतील, चक्कर येत असेल, किंवा पाळी चुकलेली असताना पोटात दुखत असेल, तर मात्र कागदही नको आणि फोनही नको. सरळ रुग्णालय गाठा.

लीड्सच्या मोठ्या अभ्यासाच्या वर्षीच, १९८६ साली, आल्फ्रेडो अल्व्हाराडो या सर्जननी अपेंडिक्ससाठी दहा गुणांची एक पद्धत प्रसिद्ध केली. तिला संगणक लागत नाही. दुखणं सरकलं का, भूक गेली का, मळमळ किंवा उलटी, उजवीकडे खाली दाबल्यावर दुखणं, हात सोडल्यावर दुखणं, ताप, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींबद्दलच्या दोन गोष्टी. आठ मुद्दे, बोटांवर मोजता येतील असे. ही पद्धत आपल्याकडे सर्जरीच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. तिनेही अपेंडिक्स नक्की ठरत नाही, पण कुणाला घरी पाठवायचं नाही हे ठरवायला ती चांगली. शिवाय आठही मुद्दे विचारल्याशिवाय बेरीज होत नाही.

माझ्या दवाखान्यात पोटदुखीसाठी एक छापील कागद आहे. मराठीत, दोन्ही बाजूंनी छापलेला. खाली एक रिकामी ओळ आहे: "शेवटी काय निघालं." ती भरायला माझी मदतनीस चार दिवसांनी रुग्णांना फोन करते. वर्षाअखेरीस मी ते कागद घेऊन बसतो आणि माझं पहिलं निदान किती वेळा चुकलं ते मोजतो. आकडा सांगणार नाही. दरवर्षी तो मला अपेक्षेपेक्षा मोठा निघतो.

आता तो मुलगा. त्याचं दुखणं बेंबीपाशी सुरू झालं होतं आणि सहा तासांनीही बेंबीपाशीच होतं. कळा येऊन जात होत्या. भूक होती, आईने दिलेलं थालीपीठ त्याने दवाखान्यात यायच्या आधी संपवलं होतं. ताप नव्हता. खोकायला सांगितलं, तर खुशाल खोकला. दाबल्यावर दुखलं ते सगळीकडे थोडं थोडं. मी त्याला सोनोग्राफी लिहून दिली नाही. काय झालं तर लगेच यायचं ते आईला नीट समजावलं, आणि संध्याकाळी परत बोलावून पोट पुन्हा तपासलं. दुसऱ्या दिवशीही तपासलं. तिसऱ्या दिवशी तो कामावर गेला.

चौथ्या दिवशी फोन केला तेव्हा त्याला एकच तक्रार होती. "पण डॉक्टर, मग मला झालं काय होतं?" मी म्हटलं, नक्की कारण सापडलं नाही, आपोआप बरं झालं. तो जरा नाराजच झाला. कागदावरच्या शेवटच्या ओळीत मी तेच लिहिलं.